छापले ५० टक्के, मागितले ६५ : जाहीर केलेली प्रवेशाची अट मध्येच वाढवता येते का?

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही धाडचे शेतकरी. मुलीला बी.एस्सी. संगणकशास्त्र करायचं आहे. एका खासगी विद्यापीठाच्या माहितीपुस्तिकेत ‘बारावी विज्ञान, किमान ५० टक्के’ असं छापलं होतं. ते वाचून निकालाआधीच अर्ज केला आणि २० हजार रुपये भरून जागा राखून ठेवली. मुलीला ५८ टक्के पडले. टीसी आणि मूळ गुणपत्रक तपासणीसाठी दिलं, ते त्यांनी ठेवूनच घेतलं. आता पत्र आलं की ६५ टक्के असतील तरच प्रवेश कायम होईल. भेटायला गेलो तर ‘विकास निधी दिलात तर बघू’ असं तोंडी सांगितलं. हे कायद्यात बसतं का? आम्ही काय करावं?
— एक पालक, धाड (जि. बुलढाणा)

उत्तर : तुमच्या पत्रात चार प्रश्न आहेत : वाढवलेली अट, निधीची मागणी, अडकवलेले कागद आणि भरलेली रक्कम. पहिल्याचे उत्तर माहितीपुस्तिकेच्या मजकुरावर ठरेल. उरलेल्या तिन्ही बाबतींत नियम तुमच्या बाजूने आहेत.

आधी अटीचे पाहू. ‘किमान ५० टक्के’ ही पात्रता आहे, म्हणजे एवढे गुण असतील तर अर्ज करता येतो. जागा ६० आणि पात्र अर्ज ३०० आले, तर गुणवत्ता यादी लागणारच आणि शेवटची जागा ६५ टक्क्यांवर भरू शकते. त्यात बेकायदा काही नाही. पण मग यादी जाहीर झाली पाहिजे आणि तुमच्या मुलीपेक्षा कमी गुणांच्या, त्याच प्रवर्गातल्या कोणालाही आधी जागा मिळालेली नसली पाहिजे. याउलट यादीच लावली नाही आणि पात्रताच ५० वरून ६५ केली, तर तो प्रवेश सुरू झाल्यावर केलेला नियमबदल ठरतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाचे विद्यार्थी तक्रार निवारण विनियम २०२३ खासगी विद्यापीठांनाही लागू आहेत. प्रवेश सुरू होण्याच्या किमान ६० दिवस आधी माहितीपुस्तिका प्रसिद्ध करून तीत जागा, पात्रता, निवडीची पद्धत आणि शुल्क सांगणे बंधनकारक आहे. जाहीर धोरणाप्रमाणे मिळायला हवा तो प्रवेश नाकारणे आणि पुस्तिकेत दिशाभूल करणारी माहिती छापणे, या दोन्ही गोष्टी या विनियमांत तक्रारीची कारणे म्हणून नोंदवलेल्या आहेत.

न्यायालयांचा कलही असाच आहे. परमेंदर कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की माहितीपुस्तिकेच्या आधारे प्रवेशप्रक्रिया सुरू झाल्यावर तिच्यातल्या तरतुदी सरकारी आदेशानेही बदलता येत नाहीत. आपल्याकडे मे २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशात आधीच सुरू झालेल्या प्रक्रियेला एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास प्रवर्ग) आरक्षण लागू करणारी अधिसूचना रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. पुढे सरकारला त्यासाठी अध्यादेश काढावा लागला. जे सरकारला अधिसूचनेने जमले नाही, ते विद्यापीठ एका पत्राने करू पाहत असेल, तर त्याचा आधार विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

एक सावधगिरी मात्र हवी. नोव्हेंबर २०२४ मध्ये तेजप्रकाश पाठक प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोकरभरतीबद्दल सांगितले की पात्रतेचे निकष मध्येच बदलता येत नाहीत, पण मूळ नियमांत किंवा जाहिरातीत तशी मुभा ठेवलेली असेल तर गोष्ट वेगळी, आणि तो बदलही मनमानी नसावा. हाच युक्तिवाद तुमच्यासमोर येईल. म्हणून पुस्तिकेची शेवटची पाने आणि अर्जावरचे बारीक अक्षरातले हमीपत्र आधी वाचा.

‘विकास निधी’ची मागणी तर सरळ बेकायदा आहे. ठरलेल्या शुल्काव्यतिरिक्त प्रवेशासाठी पैसे मागणे हा महाराष्ट्राच्या १९८७ च्या कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. एक रुपयाही देऊ नका आणि ही मागणी लेखी पाठवा असे त्यांना सांगा.

कागदांबाबत आयोगाची २०१८ ची अधिसूचना स्पष्ट आहे : मूळ प्रमाणपत्रे तपासून लगेच परत करायची, ठेवून घ्यायची नाहीत. रकमेचा हिशेबही त्याच अधिसूचनेत आहे. प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी प्रवेश रद्द केला, तर पूर्ण शुल्क परत मिळते. प्रक्रिया खर्च म्हणून जास्तीत जास्त ५ टक्के आणि तेही कमाल ५ हजार रुपये कापता येतात. त्यानंतर टप्प्याटप्प्याने परतावा ९०, ८० आणि ५० टक्क्यांवर येतो, आणि अंतिम तारखेनंतर ३० दिवस उलटले की काहीच मिळत नाही. आयोग अलीकडे दर वर्षी यापेक्षा उदार परिपत्रक काढतो, तेही पाहा. उशीर मात्र करू नका.

आता कामाचा क्रम. पुस्तिका, संकेतस्थळाचे पान, पावती आणि पत्र यांच्या प्रती तारखेसह जपून ठेवा. कुलसचिवांना ईमेल आणि रजिस्टर पोस्टाने तीन गोष्टी विचारा : ६५ टक्क्यांची अट कोणत्या ठरावाने आणि कधी आली, गुणवत्ता यादी कुठे आहे, आणि कागद कधी मिळतील. त्याबरोबरच विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे अर्ज करा. समितीने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. निर्णय पटला नाही तर १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येते. आयोगाच्या ई-समाधान पोर्टलवरही तक्रार नोंदवा.

ग्राहक आयोगाच्या भरवशावर राहू नका. ब्रिटनमध्ये तिथल्या स्पर्धा नियामकाने २०१५ मध्येच विद्यापीठांना सांगितले की प्रवेशाच्या माहितीला ग्राहक कायदा लागू आहे. आपल्याकडे मात्र सर्वोच्च न्यायालयाने सुरजीत कौर (२०१०) आणि पी. टी. कोशी (२०१२) या प्रकरणांत शिक्षणाला ‘सेवा’ मानलेले नाही. दाद मागायचीच वेळ आली तर बुलढाणा जिल्ह्यासाठी नागपूर खंडपीठ आहे. तिथे प्रवेशाची अंतिम तारीख उलटण्याआधी पोहोचणे महत्त्वाचे, कारण सत्र सुरू झाल्यावर न्यायालये सहसा नव्या प्रवेशाचा आदेश देत नाहीत. वकिलाच्या खर्चाची चिंता असेल तर बुलढाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० वर फोन करा. विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, म्हणून अर्ज मुलीच्या नावाने करा.

प्रश्न : मुलाला सीईटीत ८६ पर्सेंटाइल. छत्रपती संभाजीनगरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात गेल्या वर्षी ८३ ला जागा मिळाली होती. यंदा त्याला मिळाली नाही, पण भोकरदनला बारावी केलेल्या, आमच्याच प्रवर्गातल्या मुलाला ८४ वर मिळाली. मुलाची बारावी धाडला झाली. ही फसवणूक नाही का?
— एक वाचक, धाड

उत्तर : बहुधा नाही. इंजिनिअरिंगच्या कॅप फेऱ्यांत अनेक कॉलेजांच्या जागा ‘होम युनिव्हर्सिटी’साठी ७० टक्के आणि बाहेरच्यांसाठी ३० टक्के अशा वाटलेल्या असतात, आणि होम युनिव्हर्सिटी बारावी कुठे झाली त्यावरून ठरते. संभाजीनगरचे ते कॉलेज आणि भोकरदन दोन्ही मराठवाडा विद्यापीठाच्या हद्दीत येतात, तर धाड संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या. दोन गावे शेजारी असली तरी दोन्ही मुले वेगवेगळ्या जागांसाठी स्पर्धेत होती.

कटऑफ यादीत प्रवर्गाच्या संकेताचे शेवटचे अक्षर ‘एच’ म्हणजे होम, ‘ओ’ म्हणजे बाहेरचे आणि ‘एस’ म्हणजे राज्यस्तर. ८३ हा आकडा ‘एच’चा असेल तर तो तुमच्या मुलाला कधीच लागू नव्हता. शिवाय गेल्या वर्षीचा कटऑफ हा झालेल्या प्रवेशांचा हिशेब असतो, यंदाच्या जागेचे वचन नसते. वाटपात खरीच चूक दिसली तर मुलाच्या लॉगिनमधून त्या फेरीच्या मुदतीत तक्रार नोंदवा. पुढच्या फेरीचा पसंतीक्रम भरताना मागच्या तीन वर्षांच्या याद्यांतून फक्त ‘ओ’ आणि ‘एस’चे आकडे उतरवून घ्या आणि अमरावती विद्यापीठाच्या हद्दीतल्या कॉलेजांचे ‘एच’चे आकडे शेजारी मांडा. तिथे ८६ पर्सेंटाइलला त्याची बाजू अधिक भक्कम असू शकेल.