ऐकून शिकलेली भाषा

जालना जिल्ह्यातील धावडा गावापासून अजिंठ्याची लेणी फारशी दूर नाहीत. १९२० च्या सुमारास तेथील चित्रांच्या रक्षणासाठी हैदराबाद संस्थानाने इटलीहून लोरेन्झो चेक्कोनी व काउंट ओर्सिनी यांना पाचारण केले होते. तेव्हा इटालियन शिकावयाची, तर असा पाहुणाच भेटावयास हवा होता. आज ध्वनिमुद्रित पाठ धावड्याच्या ओसरीवरही ऐकता येतात.

मात्र नुसते ऐकणे पुरत नाही. पॉल पिम्सलर या अमेरिकन अभ्यासकाने १९६७ साली स्मरणाचे एक वेळापत्रक मांडले. नवा शब्द ५ सेकंदांनी, मग २५ सेकंदांनी, मग २ मिनिटांनी, मग १० मिनिटांनी पुन्हा विचारावयाचा. तो निसटण्याच्या बेतात असतो, तोच शिकणाराने तो आठवून मोठ्याने उच्चारावयाचा.

इटालियनमध्ये 'पाला' म्हणजे फावडे आणि 'पाल्ला' म्हणजे चेंडू! 'गडी' आणि 'गड्डी' यांतील भेद जाणणाऱ्या मराठी कानाला हे अवघड नाही. 'तू' हा शब्द तर अगदी आपलाच. परंतु अनोळखी वा वडीलधाऱ्या माणसास, मग तो पुरुष का असेना, 'लेई' म्हणतात. आणि 'लेई'चा एरव्हीचा अर्थ 'ती' असा आहे!

यंत्रातील आवाजास 'तू' म्हटले, तरी तो रागावत नाही. लेण्यांत एखादा वृद्ध इटालियन प्रवासी भेटला, तर मात्र 'कोमे स्ताई?' असे न विचारता 'कोमे स्ता?', म्हणजे 'आपण कसे आहात?', असेच विचारावे लागेल.