सॉकेट एक, तोंडे चार

वसतिगृहाच्या खोलीत सॉकेट एक आणि विद्यार्थी आठ, हे चित्र आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. मग एक्स्टेंशन बोर्ड येतो. त्याला चार तोंडे असली, तरी वीज भिंतीतल्या त्या एकाच सॉकेटमधून येते. ६ अँपिअरचे सॉकेट २३० व्होल्टवर १,३८० वॅटपर्यंतच भार पेलते. मोबाईलचे चार्जर, अभ्यासाचा दिवा खुशाल चालवावा; पाणी तापविणारा १,५०० वॅटचा एकटा रॉडही मात्र त्यास जड होतो. मी इतिहासाचा शिक्षक, तरी हा गुणाकार फळ्यावर मांडतोच.

गादीखाली दडपलेल्या वायरीतील उष्णता बाहेर पडत नाही, आवरण वितळते. वाशिमच्या उन्हाळ्यात कूलर अटळ. परंतु पीन नसली की उघड्या तारा काडेपेटीच्या काड्यांनी सॉकेटात खोचण्याची आपल्याकडील सवय प्राणघातक आहे. तीन पिनांतील जाड, लांब पीन अर्थिंगची. ती आधी जोडली जावी म्हणूनच लांब असते. तीच वगळली आणि आत एखादी तार सुटली, तर कूलरच्या पत्र्यात करंट उतरतो, आणि खाली फरशी ओली असते.

माजी विद्यार्थी प्रेमाने बोर्ड भेट देतात. त्याऐवजी परवानाधारक वायरमनकडून प्रत्येक खोलीत अर्थिंगसह दोन सॉकेट वाढवून द्यावीत, ही विनंती.