आधी फळ बघ, मग कटर काढ

तो पायनॅपल कटर अजून खोक्यातच आहे ना गं? लग्नात कुणीतरी हौसेनं दिलेला, आणि तू तो फ्रिजवर ठेवून येता-जाता त्याच्याकडे नुसती बघतेस. रविवारी सासूबाई येणार, त्यांना अननसाचा शिरा आवडतो. संध्याकाळी क्रांती चौकातल्या गर्दीतून वाट काढत घरी पोचेस्तोवर तुला सात वाजतात, आणि त्यात हे काटेरी फळ सोलायचं म्हटलं की तुझ्या पोटात गोळा येतो. परवा फोनवर म्हणालीस, "ताई, मी सरळ डब्यातल्या चकत्या आणते." आण की, कुणी अडवलंय! पण खरं सांगू का, त्या चकत्या पाकात मुरलेल्या असतात. त्यांना गोडी असते, ताज्या फळाचा वास मात्र उरलेला नसतो, आणि अननसाच्या शिऱ्यात अर्धी गंमत त्या वासाची असते. तुला जमणार आहे हे. जी मुलगी महिनाअखेरीचे हिशोब जुळवते, तिला एक अननस काय भारी!

आधी मनातली टोचणी काढून टाक. तुझ्या शेजारच्या काकू म्हणाल्या ना, "आम्ही बाई विळीवरच कापायचो"? कापायच्या, आणि सुरेख कापायच्या. पण त्यासाठी विळीवर बसायची सवय लागते. एवढं मोठं, काटेरी, रसानं निसटणारं फळ दोन्ही हातांनी पात्यावर फिरवायचं म्हणजे चेष्टा नाही. सवय नसताना तो हट्ट धरू नकोस. सोपं साधन वापरलं म्हणून स्वयंपाकातलं प्रेम कमी होत नाही गं.

आणि बघ, अननस सोलायला यंत्र हवं असं वाटणारी तू काही पहिली नाहीस. हवाईमध्ये होनोलुलूला जेम्स डोल यांचा अननस डबाबंद करायचा कारखाना होता. हातानं सोलून काम उरकेना, म्हणून त्यांनी हेन्री जिनाका नावाच्या माणसाला कामाला लावलं. त्यानं 1911 मध्ये असं यंत्र उभं केलं की साल निघायची, मधला दांडा निघायचा आणि दोन्ही टोकं उडायची. पुढे सुधारणा होत होत ते मिनिटाला शंभरेक फळं काढायला लागलं. तुझ्या खोक्यातल्या कटरमध्येही तीच कल्पना आहे, मधे नळी आणि बाहेर गोल पातं. पण मला त्यातली खरी सांगण्यासारखी गोष्ट वेगळीच वाटते. एवढं यंत्र असूनही पुढच्या टेबलावर हातमोजे घातलेल्या बायका उभ्या असत आणि फळावर उरलेले डोळे सुरीनं टिपत. म्हणजे कटर फिरवल्यावर चकतीवर तपकिरी ठिपके राहिले, तर तुझं काही चुकलं नाही. ते राहणारच.

ते का राहतात हे कळलं की अर्धी भीती जाते. त्या कारखान्यात जे फळ येई ते स्मूथ केयेन जातीचं. आपल्याकडे त्याच घराण्यातल्या अननसाला क्यू म्हणतात. मोठं फळ, डोळे रुंद पण उथळ, त्यामुळे साल काढली की बहुतेक डोळेही सालीबरोबर जातात, थोडेच उरतात. आपल्या बाजारात केरळहून येतं ते मॉरिशस जातीचं. एर्नाकुलम जिल्ह्यातलं वाळकुळम हे त्याचं मोठं गाव, तिथल्या अननसाला 2009 मध्ये भौगोलिक मानांकनसुद्धा मिळालं. फळ लहानसर, गर सोनेरी, वास घमघमीत, आणि डोळे खोल. कटर त्या डोळ्यांच्या मुळाशी पोचत नाही. ओळखायचं कसं? तुऱ्याच्या पानाच्या कडेवरून अलगद बोट फिरव. करवतीसारखे काटे लागले तर मॉरिशस नाहीतर क्वीन, आणि कड गुळगुळीत असून फक्त टोकाला काटा असेल तर क्यू. शिऱ्यासाठी मी डोळे झाकून काटेवालं घेईन. डोळे टिपायला दहा मिनिटं जास्त जातात, पण चव त्याचीच.

आता माप. माझं तर म्हणणं आहे की सगळं काम इथेच जिंकायचं असतं. कटरचं पातं एकाच मापाचं, बहुतेक साडेआठ-नऊ सेंटिमीटर रुंद. फळ फार बारीक असलं तर पातं साल फाडून बाहेर येतं, फार जाड असलं तर निम्मा गर सालीलाच चिकटून राहतो. म्हणून बाजारात जायच्या आधी एक सुतळी घे, पात्याच्या कड्याभोवती गुंडाळ आणि जिथे पूर्ण फेरा होतो तिथे गाठ मार. पुढे वीतभर सुतळी सोड. मग क्रांती चौकातून पैठण गेटकडे निघ, तिथून टिळक पथानं गुलमंडी आणि बाजूची औरंगपुऱ्याची भाजीमंडई. वाटेत हातगाडीवर अननस दिसला की सुतळी काढायची आणि फळाच्या जाड भागाभोवती फिरवायची. गाठीच्या पुढे चार-पाच बोटं सुतळी लागली की ते फळ तुझ्या कटरचं. फळवाला बघत राहील, बघू दे! पैसे तू मोजणार आहेस.

आणि त्याला "दोन दिवसांनी पिकेल" असं म्हणू देऊ नकोस गं. केळी-आंबे घरी पिकतात, कारण त्यांच्यात साठलेल्या पिठाची साखर होते. अननसात तसा साठा नसतो, त्याला गोडी झाडावरूनच मिळते. तोडल्यावर तो पिवळा होईल, मऊ होईल, पण आणखी गोड होणार नाही. म्हणून फळ उलटं धरून बुडाचा वास घे. गोड घमघमाट हवा. वासच नसेल तर कच्चं, आणि आंबूस वास आला तर उतरलेलं. बूड पिवळसर, हाताला जड, कुठे मऊ खड्डा किंवा बुरशी नाही, एवढं पुरे. पान उपटून बघायची पद्धत मला तरी भरवशाची वाटत नाही. शुक्रवारी संध्याकाळी आण आणि शनिवारी काप. आपल्या मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पिकलेलं फळ ओट्यावर जास्त दिवस ठेवायचं धाडस करू नकोस.

आता कापायचं. घाई नको, शनिवारी जेवणं उरकल्यावर निवांत कर. अननस आधी नळाखाली खसखसून धू, सालीच्या खोबणीत माती असते. ओट्यावर ओलं फडकं, त्यावर परात, परातीत फळ. ओटा तुला उंच पडत असेल तर सरळ खाली पाटावर बस, वरून जोर नीट लागतो. फळ आडवं करून तुरा धर आणि मोठ्या सुरीनं तुऱ्याखाली दोन बोटं अंतरावर सरळ काप. बूड मात्र कापायचं नाही बघ. तीच तुझी वाटी, सगळा रस तिथे साठणार आहे.

कटर आत घालायच्या आधी एकदा तो फळाच्या बाहेरून शेजारी उभा धर. पातं बुडाच्या दोन बोटं वर असेल तेव्हा दांडीचा जो भाग फळाच्या वरच्या कडेशी येतो, तिथे रबरबँड लाव. एवढीशी गोष्ट आहे, पण ती केली नाही तर पातं बुडातून आरपार जातं आणि रस ओट्यावरून पायांवर. मग कापलेल्या भागावर मधोमध फिकट गोल दिसेल, तो दांडा. नळी बरोबर त्यावर बसव. डाव्या हातात जाड फडकं घेऊन फळ धर आणि उजव्या हातानं मूठ घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरव. ढकलायचं नाही, फक्त फिरवायचं. पात्याला आटे आहेत, ते आपलं आपण खाली उतरतं. पहिले दोन फेरे अडखळत जातात, नंतर लय सापडते. रबरबँड कडेला टेकला की थांब.

वर काढताना अडकल्यासारखं वाटेल, तिथे घाबरू नकोस. खाली हवा जायला जागा नसते म्हणून ते ओढून धरतं. हिसका मारलास तर रस थेट तोंडावर. थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे हलवत सावकाश वर घे. एक मोठा सुस्कारा येईल आणि सगळा गर वेटोळं होऊन बाहेर येईल. मुठीचं बटण दाबून ती काढ, वेटोळं ताटात सरकव, एका बाजूनं सुरीची उभी रेघ दिलीस की चकत्या सुट्या.

सालीच्या भांड्यात रस असेल तो वाटीत ओत. मग चमच्यानं आतला गर खरवड. जिनाकाच्या यंत्रातसुद्धा सालीचा गर खरवडायची सोय होती, तर आपण का सोडायचा? हा खरवडलेला गर शिऱ्यात सगळ्यात छान मिसळतो. आता छोटी सुरी घे आणि चकत्यांच्या कडेचे तपकिरी डोळे टिपून काढ. ते राहिले तर विष नाहीत गं, पण तोंडात चरचरीत लागतात. नळीत अडकलेला दांडा लाटण्याच्या टोकानं ढकल. तोही फेकू नकोस, किसून चटणीत जातो. कटर लगेच धू, आंबट रस पोलादावर वाळू द्यायचा नाही, आणि पुसून परत खोक्यातच ठेव. ते गोल पातं धारदार असतं. सिंकमध्ये भांड्यांच्या ढिगात टाकलंस तर भांडी घासणाऱ्या मावशींचा हात कापेल.

जिभेला चुणचुण होते म्हणून तू अननसाला टाळतेस, ते मला ठाऊक आहे. त्यात ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम असतं, ते प्रथिनं तोडतं, आणि जोडीला फळाचा आंबटपणा. कच्च्या फोडी मिठाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवून खाल्ल्या तर बरंच सुसह्य होतं. शिजवलं की ब्रोमेलेनचा जोर संपतो. ओठ सुजले किंवा घसा आवळल्यासारखा झाला तर मात्र ते साधं चुणचुणणं नाही, तेव्हा थेट डॉक्टरकडे.

याच ब्रोमेलेनमुळे कच्चा अननस दुधा-दह्यात घालून ठेवला की कडवट होतो. आणि शिजवून कडूपणा गेला तरी आंबटपणा असतोच, गरम दूध त्यानं फाटू शकतं. म्हणून माझं ऐक, शिरा पाण्यातच कर. दुधाचा मोह नको.

एक वाटी रव्याला एक वाटी बारीक फोडी आणि खरवडलेला गर. साखर पाऊण ते एक वाटी, फळ किती गोड निघालं ते चाखून ठरव. शनिवारी रात्रीच फोडी थोड्या साखरेत मंद आचेवर सात-आठ मिनिटं शिजव, पारदर्शक दिसायला लागल्या की गार करून डब्यात भर आणि फ्रिजमध्ये ठेव. म्हणजे रविवारी सकाळी तुझ्या डोक्याला फक्त रवा. पाऊण वाटी तुपात तो मंद आचेवर खमंग भाज, मोबाइल लांब ठेवून. मग दोन वाट्या उकळतं पाणी जपून ओत, साठवलेला रस घातलास तर तेवढं पाणी कमी कर. झाकण ठेवून रवा फुलू दे, मग उरलेली साखर, शेवटी शिजवलेल्या फोडी, आणि परत एक वाफ. केशराच्या चार काड्या चालतील. वेलदोडा अगदी चिमूटभर, नाहीतर अननसाचा वास दबतो. पिवळा रंग घालू नकोस, मला अजिबात पटत नाही तो. ताजं फळ एवढ्या कष्टानं कापल्यावर रंगाची गरज कशाला?

उरलेल्या चकत्या घट्ट झाकणाच्या डब्यात तीन-चार दिवस चांगल्या राहतात. धुतलेल्या सालींचे तुकडे पाण्यात दोन लवंगा आणि दालचिनीचा तुकडा घालून पंधरा-वीस मिनिटं उकळ, गाळ, चवीपुरती साखर घाल आणि गार कर. दुपारी उन्हातून येणाऱ्या माणसाला पाण्याऐवजी ते दे.

शनिवारी रात्री मी घरीच आहे. मधेच अडलीस तर व्हिडिओ कॉल कर, पण आधी हात धुऊन घे गं, तो रस फोनला फार चिकटतो.