गव्हावरील दुहेरी ताण व त्याची एकत्र पारख

मालेगाव तालुक्यात उशिरा पेरलेल्या गव्हास दाणा भरतेवेळी उन्हाची तलखी व पाण्याची टंचाई पुष्कळदा एकदमच गाठतात. पाणी तुटले म्हणजे पानांवरील सूक्ष्म रंध्रे मिटतात. बाष्पोत्सर्जन मंदावल्याने पान अधिक तापते व दाणा बारीक राहतो. म्हणून एका ताणात तगलेले वाण दोन्ही ताणांत तगेलच, असे गृहीत धरू नये.

१९६५ साली सुरू झालेल्या अखिल भारतीय समन्वित गहू प्रकल्पात अनेक केंद्रे ठरलेल्या एकाच पद्धतीने वाण पारखतात. त्यांपैकी निफाड केंद्राचे एनआयएडब्ल्यू-३४ हे वाण उशिरा बागायती पेरणीसाठी, तर नेत्रावती हे मर्यादित पाण्यासाठी आहे.

आपल्या शेतात दोहोंची पारख करावयाची झाल्यास सारख्या जमिनीत चार वाफे घ्यावेत :

१. वेळेवर पेरणी, पुरेसे पाणी
२. वेळेवर पेरणी, कमी पाणी
३. उशिरा पेरणी, पुरेसे पाणी
४. उशिरा पेरणी, कमी पाणी

प्रत्येक वाफ्यात दोन्ही वाण निम्मे निम्मे पेरावेत. खत सारखेच द्यावे. पेरणीची व प्रत्येक पाण्याची तारीख, तसेच उत्पन्नाचे वजन गावकार्यकर्त्यांनी टिपून ठेवावे. दुहेरी ताणाची खरी कसोटी चौथ्या वाफ्यात लागते. नोंदी एकाच पद्धतीच्या असतील, तरच एका गावाचा अनुभव दुसऱ्या गावाच्या उपयोगी पडेल.