जमिनीची वाटणी आणि बांधकामाची परवानगी

धान्याच्या व्यापारात दुकानाइतकेच महत्त्व गोदामाला असते, आणि गोदाम बांधावयाचे म्हटले की सडकेलगतची वडिलोपार्जित जमीन प्रथम आठवते. तहसीलदारांच्या आदेशाने बटवारा झाला, खसऱ्यात नावे वेगळी चढली, पटवाऱ्याने नकाशावर बटांकन केले, म्हणजे आपल्या तुकड्यावर हवे ते बांधण्यास आपण मोकळे झालो, अशी समजूत आपल्या सौंसर-पांढुर्ण्याकडे फार रूढ आहे. आम्हीही ती बरीच वर्षे बाळगून होतो.

वास्तविक येथे दोन निरनिराळे कायदे आहेत. जमीन कोणाची, हिस्सा किती व आकारणी किती, हे मध्यप्रदेश भू-राजस्व संहिता, १९५९ पाहते. त्या जमिनीवर काय करावयाचे, हे मध्यप्रदेश नगर तथा ग्राम निवेश अधिनियम, १९७३ पाहतो. या अधिनियमातील ‘विकास’ शब्दाच्या व्याख्येत बांधकाम व उपयोगातील बदल तर येतोच, परंतु जमिनीचे उपविभाजनही येते. म्हणजे विकास योजना लागू असलेल्या क्षेत्रात प्लॉट पाडणे हेच मुळी परवानगीचे काम होय. पाया खणण्याची वाट पाहावी लागत नाही.

आता संमतीविषयी. संहितेच्या कलम १७८ प्रमाणे कोणीही एक सहभूमिस्वामी बटवाऱ्याचा अर्ज करू शकतो, मात्र इतरांचे म्हणणे ऐकावे लागते. मालकीहक्काचा प्रश्न निघाल्यास दिवाणी दाव्यास अवसर मिळावा म्हणून प्रकरण ३ महिने थांबविले जाते. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ आपणा जैनांनाही लागू आहे. ९ सप्टेंबर २००५ पासून कन्या जन्मतःच सहदायाद ठरली, आणि त्या दिवशी पिता हयात असण्याची आवश्यकता नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले. तेव्हा ‘बहिणीची सही मागाहून घेऊ’ ही आपल्या घरांतील जुनी रीत सोडलेली बरी.

आमच्या घरी सडकेलगतच्या शेताचे तीन भाऊ व एक बहीण यांत चार समान पट्टे झाले. प्रत्येकाला सडक मिळावी हा हेतू. रुंदी प्रत्येकी ३० फूट. कागदावर न्याय झाला. पुढे गोदामाचा नकाशा करावयास बसलो, तो शेजारच्या हद्दीपासून सोडावयाची जागा वजा जाता ट्रक वळविण्यासही जागा उरेना. बहिणीने आपला पट्टा दुसऱ्या जमिनीच्या मोबदल्यात आम्हास दिला, म्हणून ते गोदाम उभे राहिले. त्या अदलाबदलीच्या दस्ताचा मुद्रांक व नोंदणीचा खर्च मात्र नव्याने पडला.

डायव्हर्शनच्या पावतीनेही अनेकांची फसगत होते. २५ सप्टेंबर २०१८ पासून कलम १७२ वगळले गेले; भूमिस्वामीने स्वतःच हिशेब करून रक्कम भरावी व उपविभागीय अधिकाऱ्यास कळवावे, अशी सोय झाली. सोय चांगली आहे. परंतु ती पावती आकारणीची होय, बांधकामाची परवानगी नव्हे. शिवाय कलम १७८ हे शेतीसाठी आकारणी झालेल्या जमिनीच्या बटवाऱ्याचे आहे, म्हणून आधी डायव्हर्शन व मग बटवारा असा उलटा क्रम धरल्यास अडचण उभी राहते.

नागपूरकडील आप्तेष्टांचा दाखला येथे देऊ नये. तेथे अनधिकृत तुकड्यांसाठी २००१ साली गुंठेवारीचा कायदा झाला, पण तो महाराष्ट्राचा आहे. सौंसर तहसील २०२३ साली नव्या पांढुर्णा जिल्ह्यात आली, तरी आपणास कायदा मध्यप्रदेशचाच.

आमच्या मते, तहसीलीत जाण्यापूर्वी सर्व वारसांनी एकत्र बसून कच्चा नकाशा काढावा. त्यात मागच्या हिश्श्यांचा रस्ता दाखवावा, जाणत्या अभियंत्याकडून प्रत्येक तुकड्यावर काय बांधता येईल ते पाहून घ्यावे, आणि मगच सह्या कराव्यात. परवानगी मात्र भांडवल हाती आल्यावरच मागावी, कारण तिची मुदत ३ वर्षांची असते.