एकदम वाढे घालू नका

गळीत हंगाम सुरू झाला की कडबा मागे पडतो आणि दावणीला एकदम वाढे येते. मग ‘बैल रवंथ करीना, पातळ हगतोय’ ही तक्रार ठरलेलीच. तिचे कारण समजून घ्या.

मोठ्या जनावराचे कोटीपोट म्हणजे सुमारे १०० लिटरची आंबवणाची टाकीच. वैरणीतला चोथा जनावर स्वतः पचवत नाही, कोटीपोटातले जिवाणू पचवतात. कडब्यावर पोसलेल्या जिवाणूंना नवा चारा मानवायला दिवस लागतात. म्हणून सुरुवातीला पाव हिस्सा वाढे, बाकी कडबा द्या. आठ-दहा दिवसांत प्रमाण वाढवा. वाढ्यातले ऑक्झॅलेट चाऱ्यातले कॅल्शियम बांधून ठेवते, तेव्हा नुसत्या वाढ्यावर जनावर ठेवू नका. खनिज मिश्रण चालू ठेवा.

खरा धोका धान्याचा. जादा पीठ किंवा लग्नातला उरलेला भात एकदम खाण्यात आला, तर पोटात आम्ल वाढते, उपयोगी जिवाणू मरतात आणि जनावर एक-दोन दिवसांत दगावू शकते. डॉक्टरांना ताबडतोब बोलवा.

बाजारात यीस्टची पुडी मिळते. डिस्टिलरीत मळी आंबवणारे असते त्याच जातीचे हे जिवंत यीस्ट. भरपूर खुराक खाणाऱ्या दुभत्या गाईला त्याचा उपयोग होतो. पण चारण्यातली चूक पुडीने भरून निघत नाही.

घोडा रवंथ करीत नाही, त्याचे जिवाणू मोठ्या आतड्यात असतात. नियम मात्र तोच.

तोडीची चिठ्ठी येण्याआधीच शेजारच्या फडातून थोडे वाढे आणा आणि सवय लावा.

– ऊस विकास अधिकारी