मोडकळीला आलेला बाजार : भेंडी बाजारचा धडा

व्यापारी बंधूंनो, जुना बाजार एकट्या मालकाच्या किंवा एकट्या भाडेकरूच्या बळावर सुधारत नाही. मुंबईच्या भेंडी बाजारात दाऊदी बोहरा समाजाच्या सैफी बुऱ्हाणी अपलिफ्टमेंट ट्रस्टने २००९ पासून साडेसोळा एकरांतील सुमारे २५० इमारती, ३,२०० कुटुंबे आणि १,२५० दुकाने एकाच योजनेत घेतली. एकेक इमारत सुटी बांधली तर गल्ली अरुंदच राहते. पण ३१ ऑगस्ट २०१७ रोजी याच योजनेतील हुसैनी इमारत कोसळून ३३ जण दगावले. म्हणून आपल्या बाजारात मशवरा करताना तीन गोष्टी लेखी ठरवा : इमारत कधी रिकामी होणार, तोवर दुकान कुठे चालणार, नवा गाळा किती चौरस फुटांचा मिळणार. तात्पुरते दुकान जवळच मागा, नाहीतर गिऱ्हाईक तुटते. कोसळायला आलेली इमारत मात्र कागद होण्याआधीच रिकामी करा.